रापीला बाईचा हात

नंदनवन वस्तीतल्या लहानूजींच्या घरी रविवार उजाडला की चहाच्या आधी चामड्याचा वास सुटे. एका संग्रहालयासाठी जुन्या पद्धतीचं चामडी चिलखत करून द्यायचं होतं. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं रापीच्या धारदार पात्यानं कापायचं, गरम पण उकळत्या नव्हे अशा पाण्यातून काढायचं आणि लाकडी साच्यावर ठोकायचं. वाळलं की ते फळीसारखं टणक होई. लहानूजींना वयामुळं रापी धरवेना, तशी कापणी सून सरिताकडे आली.

घराण्याची रीत निराळी होती. बाईनं कातडं धुवावं, शिवावं. रापी धरू नये, धरली तर चामडं नासतं. पण मुलगा अश्विन हिंगण्याच्या कारखान्यात राबणारा, त्याची रापी वाकडी जाई. नाइलाजानं लहानूजींनी सुनेचं कापणं चालवून घेतलं होतं.

शेजारचे मारोतराव दारातूनच हसायचे, "अश्विन, तुह्यापेक्षा तुही बायकोच कारागीर निघाली गा!"

अश्विनही हसे. मग ताट अर्धवट टाकून उठे.

त्या दिवशी छातीचा मोठा तुकडा पाण्यात सोडून सरिता साचा आणायला मागं गेली. अश्विननं गॅस मोठा केला. पाणी खदखदलं, तसा पुन्हा बारीक केला.

तुकडा बाहेर निघाला तो वाळल्या पानासारखा आकसून.

"म्हनलं होतं ना वं!" लहानूजी कडाडले. "रापीले बाईचा हात लागला का नासते! आता तू फक्त शिव. संग्रहालयाच्या सायबाले सांगतो, अश्विनच करून राहिला."

"मामाजी, आतापर्यंत चाळीस तुकडे कापले मी. ते काहून नाही नासले?" सरिता म्हणाली. "नाव दुसऱ्याचं लागत असंन, तर मी टाकाही घालत नाही."

अश्विनला हवं ते मिळालं होतं. रापी त्याच्यापुढं पडली होती. पण ती उचलायला हात धजेना.

"बाबा, गॅस मी वाढवला. मले तिचं चांगलं पाहावलं नाही."

मग लहानूजींनी नवं कातडं सुनेपुढं सरकवलं. तिनं हात लावला नाही.

"आधी ते नासायचं बोलणं मागं घ्या, मामाजी."

ते बोलणं त्यांना बापानं दिलं होतं, बापाला आजानं. म्हाताऱ्याची मान खाली गेली.

"घेतलं, बाई. खोटं होतं ते."

अश्विनला तिचं कौतुक अजूनही खुपतच होतं. तरी तो उठला आणि तिला सरळ कापता यावं म्हणून त्यानं कातड्याचं टोक ताणून धरलं.