बूट घालून या

मास्तरांची बायको पलीकडच्या खोलीत झोपायला लागली त्याला नऊ वर्षं झाली होती. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. मास्तरांचं घोरणं तेवढं मध्ये आडवं आलं होतं. "एक रात्र तरी डोळ्याला डोळा लागू दे," म्हणून ती उशी उचलून गेली आणि ती एक रात्र काही संपली नाही.

आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही नुसती खोड नाही; झोपेत श्वास अडकतो. रोज हवेचं मशीन लावून झोपायचं. मशीनची नळी एका मास्कला जोडलेली, आणि मास्क नाकातोंडावर. घरी येताना बायको म्हणाली, "हे जमलं, तर माझी उशी परत आणते हं." मास्तरांनी ते वाक्य घडी करून मनात ठेवलं.

पण जमेना. दवाखान्यात नीट बसलेला मास्क घरी ऐकेना. कडेनं हवा सुटायची, थेट डोळ्यांत जायची आणि बारीक शिट्टी वाजायची. तिसऱ्या सकाळी चहा ओतताना बायको म्हणाली, "घोरणं बरं होतं हो. त्याला निदान चाल होती."

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं लोकांच्या पँटी शिवल्या. सैल काही दिसलं की आत घ्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी मास्कचे पट्टे शिलाई मशीनवर घेतले आणि दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच टीप मारली. सकाळी नाकावर लाल वळ उठला होता, आणि शिट्टी चालूच.

दवाखान्यात मास्क बसवून देणारी मुलगी होती. तिनं पट्टा उलटा करून पाहिला.

"काका, हे कुणी शिवलं?"

"मीच."

"टीप सुंदर आहे. पण काढते." ती छोट्या कात्रीनं उसवायला लागली. "आवळला की ही मऊ कड चुरगळते. चुरगळली की तिथून हवा सुटणारच."

मास्तर ओशाळले. घट्ट कपड्याला शिवणीपाशी चुण्या पडतात, हे त्यांनी किती शिकाऊ पोरांना ओरडून सांगितलं होतं.

तिनं त्यांना खाटेवर आडवं केलं, मशीन चालू केलं, मास्क चेहऱ्यापासून जरा उचलून पुन्हा अलगद टेकवला. कड हवेनं फुगली आणि गालांवर बसली. पट्टे तिनं सैलच ठेवले, खालून दोन बोटं जातील इतके. कूस बदलायला लावली. शिट्टी नाही, काही नाही.

"इथे गळत नाही आणि घरी गळतो," ती म्हणाली. "घरी काय वेगळं असतं, काका? उशी? दाढी? आणखी काही?"

मास्तरांची जीभ आपोआप वरच्या कवळीला लागली.

पँटची उंची घ्यायला लोक चपला घालून यायचे. मास्तर माप घ्यायचेच नाहीत. "ज्या बुटांवर घालणार, ते बूट घालून या," म्हणून परत पाठवायचे. आणि स्वतः मात्र पूर्ण दात लावून चेहऱ्याचं माप देऊन आले होते. झोपताना कवळी काढली की गाल आत, हनुवटी वर. त्या चेहऱ्याचं माप कुणी घेतलंच नव्हतं.

"तसं काही नाही," ते पुटपुटले.

मुलीनं त्यांच्याकडे जरा पाहिलं. "मग घरच्या कुणाला तरी कडेनं हात फिरवून बघायला सांगा. निजलेल्याला स्वतःला समजत नाही."

तेही खरंच होतं. कुठल्याही शिंप्याला स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही. फीत धरायला वाकलं की माप चुकतं.

पण बायकोनं त्यांना बिनदातांचं कधी पाहिलं नव्हतं. ती पलीकडे गेली, त्याच्या पुढच्या वर्षी कवळी आली. रोज दार लावून काढायची, वाटीत ठेवून वाटी रिळांच्या डब्यामागे ढकलायची, सकाळी लावूनच बाहेर यायचं. नऊ वर्षं ती यावी म्हणून झुरत होते आणि आठ वर्षं दाराला कडी घालत होते.

दोन दिवस त्यांनी काढले. तिसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, हाक मारली. "अगं, जरा येतेस का इकडे?"

ती पदराला हात पुसत आली. मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं, कवळी काढून वाटीत ठेवली आणि वळले.

"हा माझा झोपायचा चेहरा," ते म्हणाले. शब्द तोंडातून हवेसारखे निसटत होते. "मास्क याच्यावर बशायला हवा. कडेनं हात फिरवून बघ, हवा कुठून शुटते."

तिनं जवळ येऊन पाहिलं. हसली नाही.

"म्हणून दार लावत होतात होय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, मी गेले तेच बरं झालं तुम्हाला."

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं, पण तिनं मशीन चालू करून मास्क टेकवलाच. "गप पडा आता. हवा सुटेल."

चष्मा लावून ती कडेकडेनं बोट फिरवू लागली. नाकापाशी ठीक. गालापाशी ठीक. हनुवटीपाशी वारा लागला. तिनं खालचा पट्टा रेघभरच ओढला. मग मास्क उचलून पुन्हा टेकवला, दवाखान्यातल्या मुलीनं टेकवला होता तसाच. तिच्या बोटांना कांद्याचा वास असेल, असं मास्तरांना वाटलं; मास्कमधून कळेना. नऊ वर्षांत इतक्या जवळ तिचा हात आला नव्हता, आणि नेमकं आज नाक झाकलेलं.

"शिट्टी येते का बघते," म्हणत ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला टेकली. मग आडवी झाली. उशी नव्हती, हाताचीच केली.

झोपायचं नाही, तिचा श्वास ऐकायचा, असं मास्तरांनी ठरवलं. पण मशीनच्या संथ आवाजात तो वेगळा निवडता येईना, आणि ऐकता ऐकताच डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. गाल कोरडे, डोळे शांत. शेजारी कुणी नव्हतं. चादरीला चुणी मात्र होती, आणि चुणीवर तिचा चष्मा.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, माझा चष्मा पाहिलात का?"

मास्तरांनी मास्क काढला. कवळीच्या वाटीकडे गेलेला हात मागे घेतला.

"इथेच आहे," ते म्हणाले. "ये, घेऊन जा. येताना उशी घेऊन ये."