पांढरी जास्वंद

गुरुदास मास्तर गेले त्याच्या आदल्या दिवशी सर्वण गावातल्या त्यांच्या घरात काहीच वेगळं नव्हतं. पाववाला पदेर भोंगा वाजवत आला, उंडे पाव देऊन गेला. माहेरी आलेली त्यांची मुलगी हर्षा पडवीत चहा घेत होती आणि मास्तर अंगणातल्या जास्वंदीची लालभडक फुलं तोडत होते.

"देवाक?" हर्षाने विचारलं.

"देवाक नाय गो, विज्ञानाक. शिक्षक दिनाक शाळेत बोलवल्यानी. लाल फूल पांढरा करून दाखवतलंय."

"घरभर वास करा म्हणजे झाला!" आतून शालिनी, हर्षाची आई, कडाडली. "गेल्या खेपेक माझी साडी खाल्ल्यात."

"अगो, सगळा घरातलाच. विहिरीत घालूची पावडर आणि संडास धुवूचा पाणी. भियाचा कित्याक?"

शाळेत हा प्रयोग ते नेहमी उघड्या व्हरांड्यात करत. "वाऱ्याकडे पाठ करून उभे रवा रे," असं मुलांना दरडावून सांगत. दुसऱ्या दिवशी पावसाची झड आत येत होती, म्हणून त्यांनी न्हाणीची खिडकी लावली, दार ओढलं आणि एकटेच तालमीला बसले.

बाहेर आले तेव्हा डोळे लाल झाले होते. "ठसको लागलो," म्हणाले आणि चहा मागितला. दुपारनंतर दम लागायला लागला. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, क्लोरीनने फुप्फुसं निकामी झाली आहेत. दिवेलागणीनंतर मास्तर गेले.

न्हाणीची खिडकी हर्षाने उघडली. बादलीच्या काठाला दोऱ्याने बांधलेलं फूल पांढरंफटक पडलं होतं. प्रयोग साधला होता.

लोकांना शालिनीने सांगितलं, ॲटॅक आला. "शेवटी काळीजच थांबला ना?" असं तिने हर्षाला विचारलं. जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस आपल्याच बादलीपाशी संपला, हे तिला गावात बोलायचं नव्हतं. हर्षाने ते खोडून काढलं नाही. आईकडे आता त्यांचं नावच तेवढं उरलं होतं.

बाराव्याला सर्वेश आला. मास्तरांचा जुना विद्यार्थी, आता त्याच शाळेत मराठी शिकवणारा.

"हर्षाताई, सरांची आठवण म्हणून आम्ही एक ठरवलंय. प्रत्येक मुलानं घरी जास्वंद पांढरी करायची नि व्हिडिओ पाठवायचा. वस्तू काय, घरातल्याच. सर म्हणायचे ना?"

शालिनीने पदराने डोळे टिपले. "ह्यांका किती बरा वाटला असता!" कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर थोडं तेज आलं होतं.

हर्षाने कप खाली ठेवला. आईने नजरेनंच तिला नको म्हटलं.

"सर्वेश, बाबांना ॲटॅक आला नव्हता," ती म्हणाली. "हाच प्रयोग करताना गेले ते. त्या दोन वस्तू एकत्र आल्या की विषारी वायू सुटतो. बाबांना ते ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी खिडकी लावून घेतली. बाबा चुकले. मुलांना हे सांग."