नांग्या भरताना

"नांगी दिसली की भरून काढायची, पोरी. रान उघडं दिसाय नको."

नवी नवरी म्हणून कन्हेरी गावात आल्यावर उसाच्या सरीत, न उगवलेल्या रिकाम्या जागी वाकून नवी कांडी लावताना ऐकलेला सासूचा तो आवाज फुलाबाईंच्या कानात अजून तसाच होता. आज सकाळी परसातल्या हिरव्या जाळीखाली त्या तशाच वाकल्या होत्या. समोर ऊस मात्र नव्हता. चपलेच्या आकाराचं फूल येणाऱ्या स्लिपर ऑर्किडच्या बोटभर रोपांचे दोन ट्रे होते. सुनेच्या ट्रेमधून त्यांचं बोट चाचपत फिरलं आणि रोप कुजून गेलेल्या रिकाम्या जागी थांबलं. त्यांनी आपल्या ट्रेमधलं एक रोप मुळांसकट अलगद सोडवलं, तिथं लावलं, भोवती सालीचे तुकडे दाबले आणि हात पदराला पुसला.

मोतीबिंदूनं नजर दुधाळ झाली होती. बोटांना मात्र दिसत होतं.

रोपं ज्ञानेशनं, त्यांच्या लेकानं आणली होती. बारामतीला एका प्रयोगशाळेत तो कामाला होता. काचेच्या दोन बाटल्या, आत जेलीवर उगवलेली हिरवी लव. "एक आईची, एक संजीवनीची," म्हणाला होता. "एकेकटी लावू नका, दाटीनं लावा. ह्यांना शेजार लागतो. फुलायला वर्षं जातील." त्याच पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन तो गेला. रोपं राहिली, आणि त्यांना पाणी घालणाऱ्या दोघी राहिल्या.

बोअरचं खारं पाणी रोपांना सोसत नसे, म्हणून चौकातून फिल्टरचं पाणी कळशीनं आणायचं. उन्हाळ्यात भोवती ओली पोती बांधायची, ती वाळली की पुन्हा भिजवायची. दिवस कलला की दोघींनाही बोलायचं त्राण उरत नसे. गल्लीतल्या बाया हसायच्या, "फुलाबाईच्या परसात चपला उगवणार हायेत म्हणं."

आज संजीवनीचा भाऊ इंद्रजित तिला कायमची माहेरी, निरवांगीला न्यायला येणार होता. "जा बाई, हितं काय राहिलंय तुझं," असं फुलाबाईच वर्षभर म्हणत होत्या. सासू असावी तर अशी, असं लोक म्हणायचे. संजीवनी दर वेळी मान खाली घालून "बरं, आत्या" म्हणायची आणि रिकामी कळशी उचलायची.

ऊन जाळीवर आलं तेव्हा टेम्पो दारात थांबला. इंद्रजितनं ट्रंक चढवली, पिशव्या चढवल्या, मग घाम पुसत परसात आला.

"ताई, ह्यातला तुझा ट्रे कंचा?"

"ठिपक्यांच्या पानांचा."

त्यानं ट्रे उचलून उजेडात धरला.

"अगं, ह्यात निम्मी तर साध्या हिरव्या पानांची हायेत. सरमिसळ झालीया व्हय?"

पोतं पिळणारे फुलाबाईंचे हात थांबले. लावली तेव्हा रोपं सगळी सारखीच होती. सुनेच्या रोपांवर ठिपके उमटले, तोवर त्यांची नजर गेली होती.

"सरमिसळ न्हाय," संजीवनी म्हणाली. "ती आत्यांची हायेत. माझं एखादं मेलं की पहाटंच येऊन आपलं लावत्यात. मी खिडकीतनं बघते की."

"आन् बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर थांबल्या असत्या." तिनं दुसऱ्या ट्रेकडं पाहिलं. "स्वतःच्या ट्रेला टक्कल पडलंय, ते त्यास्नी दिसत न्हाय."

इंद्रजित हसला. दोघी हसल्या नाहीत, तसा तो ट्रे घेऊन दाराकडं वळला. ट्रे पुढं सरकेना. दुसऱ्या बाजूनं फुलाबाईंनी त्याची कड धरली होती.

"सोडा मावशी, न्हेतो मी."

फुलाबाईंनी कड सोडली नाही. ओल्या पोत्याचं पाणी त्यांच्या कोपरावरून खाली ठिबकत होतं. संजीवनी जिथं उभी असेल असं वाटलं, तिकडं त्यांनी तोंड वळवलं.

"वर्षभर जा जा म्हणले," त्या म्हणाल्या. "तुझं वय हाय, अडवू कुठल्या तोंडानं, म्हणून. नको जाऊ, पोरी. मला तू हितं पायजेस."