रेघेपर्यंतचे पाणी

मित्रांनो, त्या सकाळी विशेष काहीच घडले नाही. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला, काचेवर आखलेल्या पांढऱ्या रेघेपर्यंत टाकीत पाणी घातले आणि रोजच्यासारखी हाक मारली, "अगं, ये लवकर! नवं टोक फुटलंय!"

"दगडाला काय फुटणार, बाबा?" लेक दारात चपला घालत म्हणाली. "उद्या बघते."

"आपल्याकडे दोन दगड आहेत," आई आतून म्हणाली. "एक टाकीत, एक टाकीसमोर."

बाबा खूप हसले. दुपारी दुकानात, कुणाचे तरी घड्याळ उघडून बसलेले असतानाच ते गेले.

टाकीतला तो दगड म्हणजे मी, एक जुना दगडी प्रवाळ. दिसतो दगड, पण आहे प्राणी. हजार इवल्या तोंडांनी खातो आणि स्वतःचे घर स्वतःच बांधतो. इथे आलो तेव्हा बोटाच्या पेराएवढा होतो. बाबांनी घड्याळाच्या चिमट्याने मला खडकावर चिकटवले. चौदा वर्षांत माझे झुडूप झाले. पाहुणे वाकून वाकून मला बघत आणि बाबांची छाती फुगे.

बाबा गेल्यावर आई म्हणाली, "देऊन टाकू कुणाला तरी."

"नाही. मी सांभाळते," लेक म्हणाली.

टाकीखाली तिला मिठाची पिशवी सापडली. समुद्रातला जीव, त्याला खारेच पाणी हवे, असे तिला वाटले. ती रोज मीठ विरघळवून रेघेपर्यंत पाणी घालू लागली. एक दिवस चुकवला नाही. आणि मी मरू लागलो. माझी तोंडे मिटली. बुडापासून मी पांढरा पडत गेलो.

बाराव्या दिवशी तिने शोभेच्या माशांचे दुकान असलेल्या मासेवाल्या काकांना बोलावून आणले. त्यांनी पाण्याचा थेंब खारटपणा मोजायच्या यंत्रावर ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"अगं, उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ कुठे जातंय? ते साठतच राहतं. तुझे बाबा रोज साधं शुद्ध पाणी घालायचे, कॅनमधलं."

"मला वाटलं, तो कॅन प्यायच्या पाण्याचा आहे." तिचा चेहरा माझ्याहून पांढरा झाला. "मग आता सगळं बदलू?"

"एकदम मारायचंय का त्याला? रोज दोन तांबे काढ, दोन तांबे साधं घाल. घड्याळजींची पोर ना तू? मग घाई कसली?"

ती रोज मोजू लागली. तिचा हात हळूहळू बाबांसारखा स्थिर झाला. तिसऱ्या आठवड्यात माझे एक तोंड उघडले, मग शंभर उघडली! वर्षभरात मेलेल्या बुडावर माझी जिवंत कातडी पुन्हा चढली. मासेवाले काका माझा तुकडा दुकानात घेऊन गेले. आता तोही वाढतो आहे.

मित्रांनो, माया तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होती, पण मी वाचलो तो तिने विचारल्यावर. ज्याला जपायचे, त्याला काय लागते ते आधी विचारा. सांगणारे घरात असतानाच विचारा.

आज सकाळी मला जांभळे टोक फुटले.

"आई, धाव! नवं टोक!"

"आता दुसरा दगड तू झालीस तर," म्हणत आई आली आणि काचेला नाक लावून बसली.

लेक मात्र टाकीसमोरच्या बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही हाक मारलीत ना, की मला फार आवडायचं."