बेचाळीस जोकुमार आणि एक

फकीरप्पा मास्तरांनी वॉर्निशच्या डब्याचं झाकण उचकटलं, ब्रश बुडवला आणि पहिला हात स्वतः केलेल्या जोकुमाराच्या डोक्यावरून फिरवला. माती तहानलेली होती. तिनं वॉर्निश पिऊन टाकलं आणि ती काळीभोर झाली. मास्तरांनी दुसरा हात दिला, तिसरा दिला, तेव्हा कुठे मूर्तीला चकाकी आली.

बाकांवर आणखी बेचाळीस जोकुमार ओळीनं बसले होते. वीतभर उंचीचे, कवड्यांचे डोळे लावलेले. नाकं ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणे. सातवीच्या वर्गानं आठवड्याभरापूर्वी, अष्टमीला, ते केले होते. चित्रकलेची खोली म्हणजे एरवी दुपारच्या जेवणाच्या तांदळाची खोली. पोती संपली की तिथे चित्रकला सुरू होई आणि पोती आली की कला बाहेर कडुलिंबाखाली जाई.

"मास्तर, हे काय लावताय त्याला?"

दारात येल्लव्वा बारकेर उभी होती. डोक्यावर टोपली, टोपलीत कडुलिंबाचा पाला आणि पाल्यात गावाचा जोकुमार, भाद्रपदातला सात दिवसांचा मातीचा देव. अष्टमीपासून ती त्याला घरोघरी फिरवत होती. बायका सुपातून ज्वारी घालत, ती त्यांना शेतात टाकायला पाला देई. तिच्या सासूनं हेच केलं होतं आणि सासूच्या सासूनंही. उद्या पुनव होती. उद्या जोकुमार मरणार होता, दरवर्षी मरतो तसा.

"वॉर्निश," मास्तर म्हणाले. "टिकायला."

येल्लव्वानं टोपली उतरवून उंबऱ्याच्या आत ठेवली आणि बाकांमधून वाकून एकेक तोंड बघत गेली.

कडलीकोप्पच्या शाळेत त्या वर्षी 'कला-साहित्य संच' आला होता. एका खोक्यात बारा ब्रश, सहा रंग, एक कात्री आणि तीस कृतींची पुस्तिका. कात्री एकच असल्यामुळे मुख्याध्यापक हिरेगौडरांनी ती कपाटात कुलपात ठेवली होती. कृती क्रमांक चौदा होती स्थानिक मातीकाम. स्थानिक कलावंताला शाळेत बोलवावं, मुलांकडून वस्तू करवून घ्याव्यात आणि त्या टिकाऊ स्वरूपात तीन वर्षं जपाव्यात, असं त्यात लिहिलं होतं. फोटो चालणार नव्हता. मागच्या वर्षी एकाच हत्तीचा फोटो अकरा शाळांनी पाठवला होता, तेव्हापासून तपासणीचे साहेब जातीनं येऊन वस्तूला हात लावून बघत.

ज्या शाळेचं साहित्य तपासणीत पुरं भरेल ती कला-साहित्य शाळा ठरणार होती आणि तिथला चित्रकला शिक्षक राहणार होता. बाकीचे अतिरिक्त. अतिरिक्तांना नदीपलीकडे, नव्वद किलोमीटरवर जागा होत्या. फकीरप्पा मास्तरांची नोकरीची दोन वर्षं उरली होती. दोन वर्षांसाठी माणूस नव्वद किलोमीटर गेलाही असता, पण त्यांची बायको गौरव्वा चार वर्षं अर्धांगानं अंथरुणात होती. दर तीन-चार तासांनी तिची कूस बदलावी लागे. शाळा ते घर, चालत सहा मिनिटं. हे गणित हिरेगौडरांनाही ठाऊक होतं. म्हणून वॉर्निश त्यांनी स्वतः आणून दिलं होतं, हा त्यांचा चांगुलपणा.

अष्टमीला येल्लव्वा स्थानिक कलावंत म्हणून आली तेव्हा तिनं मुलांसमोर एकच मूर्ती केली. तीच ही, टोपलीतली. मुलांना शिकवायला आणखी एक-दोन नमुने करा, असं मास्तरांनी सांगितल्यावर ती हसली होती. नमुन्याचा जोकुमार नसतो, म्हणाली. तो जन्मतो तरी, नाहीतर नसतो. ती गेल्यावर मास्तरांनी उरलेली माती सगळ्यांना वाटून दिली आणि करून दाखवायला एक स्वतः केला. त्यांचा हिशेब सरळ होता. पूजा नाही, गाणं नाही, टोपली नाही, म्हणजे ही नुसती माती आणि नुसती कृती क्रमांक चौदा. मुलांनाही त्यांनी तसं बजावलं होतं.

येल्लव्वा तिसऱ्या ओळीपाशी थांबली. बोटानं एका मूर्तीचे ओठ पुसले आणि बोट नाकाशी नेलं.

"लोणी कुणी लावलं?"

मास्तर जवळ आले. त्यांनी त्या मूर्तीचं तोंड पाहिलं, मग शेजारच्या, मग ओळीतल्या सगळ्यांची. वाळलेल्या मातीवर सगळ्यांचे ओठ तेवढे तेलकट होते. जोकुमाराच्या तोंडाला लोणी लावलं की त्यानं पहिला घास खाल्ला, हे त्या गावात रांगतं पोरही जाणतं. मुलांनी घरून लोणी आणलं होतं, कागदात, द्रोणात, कुणी मुठीत. मास्तरांना न सांगता.

"पोरांनी," ते म्हणाले.

"मग हे जन्मले, मास्तर."

येल्लव्वा रागावली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर टेकली आणि पदरानं मान पुसली.

"एक मी सात दिवस फिरवते तर पाय राहत नाहीत. तुम्ही एका दुपारी बेचाळीस बाळंतपणं केली. सुईणीला जमत नाही."

"त्रेचाळीस," मास्तर म्हणाले. आपल्या मूर्तीलाही कुणीतरी लोणी लावलं होतं, ते त्यांना आता, वॉर्निशखाली, दिसलं.

"उद्या द्या मग माझ्याबरोबर. तळ्यावर नेते."

मास्तरांनी तिला समजावलं. साहेब तेरवा येतील, बघून जातील, मग मी स्वतः सगळे तळ्यात सोडतो. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. पुस्तिकेत तीन वर्षं होती. मास्तरांनी वर्षांचे दिवस केले आणि सांगताना ब्रशकडे बघत राहिले.

"मरण पुढं ढकलता येतं होय?" येल्लव्वा म्हणाली. "तुमच्या खात्यात येत असेल." तिनं टोपली डोक्यावर घेतली. "तो सात दिवस हुंदडतो, मरतो, आम्ही रडतो. ते रडणं वर ऐकू जातं, मग पिकाला पाऊस होतो. आमच्या वाडवडलांनी एवढंच सांगितलंय. तुमचा हा चकचकीत बसून राहिला तर कुणी रडायचं, कधी रडायचं, ते तुमच्या पुस्तकात बघून सांगा."

ती गेली. मास्तरांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला, पण तो काढायच्या आत एकची घंटा झाली. एकला ते घरी जात.

गौरव्वा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मास्तरांनी तिला उताणं केलं, पाठीखालची चादर ओढून सारखी केली आणि ताटलीतलं नुच्चू, ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या, ताकात कालवून चमच्यानं भरवू लागले. जेवताना ते तिला शाळेतलं सगळं सांगत. तिला ते ऐकायचं असे की नसे, हे चार वर्षांत कळलं नव्हतं, पण सांगायची सवय झाली होती. कात्रीला कुलूप, साहेबांचा हत्ती, सगळं. आज त्यांनी लोण्याचं सांगितलं. येल्लव्वा काय म्हणाली तेही सांगितलं, हसत, कारण ते हसण्यासारखं होतं.

गौरव्वाचे शब्द अर्ध्या तोंडातून येत. मास्तरांना ते कळत, बाकीच्यांना नाही.

"रंग लावला?"

"एकालाच. माझ्या."

ती बराच वेळ चावत राहिली. नुच्चूला चावण्यासारखं काही नसतं.

"उद्या पुनव ना?"

"हो."

"त्यांचं तरी वेळेवर होऊ द्या," गौरव्वा म्हणाली. "एकेकाचं राहून जातं."

मास्तरांनी चमचा ताटलीत ठेवला. ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं, हनुवटी पुसली, मग पुसलेलीच हनुवटी पुन्हा पुसली. मग ते फडकं त्यांनी चार पदरी घडी करून उशाशी ठेवलं, आणि उलगडून पुन्हा घडी घातली. तिला उजव्या कुशीवर वळवून ते शाळेत परतले तेव्हा तास सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती.

डबा उघडाच होता. त्यांनी झाकण लावलं आणि वरून दगडानं ठोकून घट्ट केलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता शाळा सुटल्यावर सातवीचा वर्ग ओळीनं तळ्याकडे निघाला. प्रत्येकाच्या हातात सूप, नाहीतर ताटली, नाहीतर दप्तरातली पाटी आणि तिच्यावर पाल्यात झाकलेला जोकुमार. पुढे येल्लव्वा, डोक्यावर टोपली. शेवटी मास्तर, दोन्ही हातांत आपला घेऊन. हिरेगौडर फाटकापर्यंत आले. मास्तर, जरा विचार करा, असं ते म्हणाले आणि मग, निदान पाच-सहा ठेवा, असंही म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मास्तरांनी मान डोलावली आणि चालत राहिले.

मडिवाळांच्या, म्हणजे परटांच्या, धुण्याच्या दगडाशी म्हातारा इराप्पा मडिवाळ कपडे बडवायचा सोटा घेऊन बसला होता. उद्यापासून तीन दिवस तो या दगडावर कपडा आपटणार नव्हता. मेलेला जोकुमार तीन दिवस दगडाखाली कण्हतो, त्याला त्रास द्यायचा नाही. येल्लव्वानं टोपलीतला जोकुमार पाण्यात सोडून गाणं लावलं, दोन बायकांनी उचललं. मुलं एकेक करून पाण्याच्या काठाशी आली. बेचाळीस मूर्ती कच्च्या मातीच्या होत्या. पाणी लागताच त्यांची नाकं आधी गेली, मग खांदे. कवड्यांचे डोळे तेवढे थोडा वेळ वर बघत राहिले. ओळीत कुणीतरी आधी रडलं आणि मग सगळा वर्ग रडला, मोठ्या घोड्यासारख्या वाढलेल्या पोरांसकट. मास्तरांनी चौतीस वर्षांत मुलांना रंग, रेषा, छाया, प्रकाश शिकवला होता. एका तासात इतकं कधी पोचलं नव्हतं.

त्यांचा जोकुमार विरघळला नाही. पाण्यात तो बदकासारखा कोरडा आणि चकचकीत बसून राहिला.

येल्लव्वानं गाणं थांबवलं. इराप्पानं सोटा पुढे केला.

मास्तर मूर्ती उचलून दगडावर आले. पहिला फटका निसटला. दुसऱ्याला वॉर्निशचा पापुद्रा फुटला, आत माती कोरडी होती. त्यानंतर ते किती वेळ मारत राहिले ते त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. येल्लव्वानं येऊन मनगट धरलं.

"गेला, मास्तर. आता रडा."

साहेब ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी आले. त्यांचं नाव बेटगेरी. याच तालुक्यातल्या एका खेड्यातले, बोलायला कमी. खोलीत रिकामी बाकं होती आणि आदल्या दिवशी आलेली तांदळाची चार पोती. हिरेगौडरांनी घसा साफ करून सुरुवात केली की छप्पर गळतं, ओल आली, माती ती माती. बाहेर तीन दिवस आभाळ कोरडं होतं. साहेबांनी छपराकडे पाहिलं, मग हिरेगौडरांकडे, आणि ते मुलांकडे वळले.

"कृती क्रमांक चौदा. काय केलंत?"

पहिल्या ओळीतली सावित्री मडिवाळ उभी राहिली.

"जोकुमार, साहेब."

"कुठे आहेत?"

"परवा गेले."

"कुठे गेले?"

सावित्रीनं मास्तरांकडे पाहिलं. साहेब मोठे होते, शिकलेले होते, त्यांना हे सांगावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

"वारले, साहेब."

वर्गात कुणी हसलं नाही. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मास्तर त्यांच्या शेजारीच उभे होते. साहेबांचा पांढरा शर्ट चुरगळलेला होता. कॉलरच्या आत घामाची पिवळी घडी होती, दोन-तीन दिवसांची. साहेबांच्या गावातही दगडावर कपडा आपटत नसावेत.

"रडलात का?" साहेबांनी मुलांना विचारलं.

"हो," वर्ग म्हणाला.

साहेबांनी तक्त्यात 'विद्यार्थ्यांचा सहभाग'पुढे लिहिलं, बेचाळीसपैकी बेचाळीस. 'साहित्य'पुढे त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. मग तिथे त्यांनी 'निरंक' लिहिलं, कारण निरंकच होतं, आणि खाली तारीख घालून सही केली.

जाताना ते व्हरांड्यात मास्तरांपाशी थांबले. अतिरिक्तांची यादी सोमवारी लागेल, म्हणाले. मास्तरांनी, हो साहेब, म्हटलं.

"घरी कोण असतं?"

"बायको."

"बऱ्या आहेत?"

मास्तरांनी हाताचा खडू विजारीला पुसला.

"आहे," ते म्हणाले.