येईस्तोवर

गुढियारीतल्या जुन्या बाया कुमुद हरदासला अजूनही ‘रडणाऱ्या बाळंतिणींची डॉक्टरीण’ म्हणत, आणि नव्या रायपुरातली साहेबमंडळी तिला ‘कोच मॅडम’ म्हणत. या दोन नावांच्या मधल्या वाटेवर तिची जवळजवळ तीस वर्षं सरली होती, आणि दोन्ही हाकांना ती सारख्याच सवयीनं ओ देई.

सत्त्याण्णव साली तिनं समता कॉलनीत एका होमिओपॅथच्या दवाखान्यामागची खोली समुपदेशनासाठी घेतली, तेव्हा रायपूर राजधानी झालेलं नव्हतं. दुपारी गावावर झापड असे. मालधक्क्यावरून उडालेली सिमेंटची पूड झाडांच्या पानांवर बसे आणि कुमुदची लुना त्या धुळीतून गुढियारीच्या बोळांमध्ये शिरली, की पोरं मागं धावत. वडील अकोल्याहून रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बदलून आलेले आणि इथलेच होऊन गेलेले. त्यामुळे त्या बोळांतली निम्मी घरं तिला ‘हरदासबाबूंची पोट्टी’ म्हणूनच ओळखत. बाळंतीण रडते म्हणजे दृष्ट लागली किंवा नखरे करते, अशी सगळ्यांची समजूत. कुमुद कुणाशी वाद घालत नसे. ओव्याची धुरी, तिळाचं तेल आणि उतू गेलेलं दूध यांचा वास भरलेल्या काळोख्या खोलीत बाजेच्या कडेला बसायचं आणि हलक्या आवाजात विचारायचं, “किती दिवस झोपली नाहीस गं?” एवढ्या प्रश्नावर बायका तास तास बोलत.

पुढं राज्य झालं, रस्ते रुंदावले, आणि एका कारखान्यानं तिला अधिकाऱ्यांसमोर दोन शब्द बोलायला बोलावलं. भाषण संपल्यावर पन्नाशीचा एक महाव्यवस्थापक तिला गाडीपर्यंत सोडायला आला आणि दार उघडून धरता धरता थबकला. तिनं सहज विचारलं, “किती दिवस झोपला नाहीत?” तो माणूस तिथंच, गाडीच्या टपावर कोपरं टेकून रडला. कुमुदचं दुसरं आयुष्य त्या दिवशी सुरू झालं. हाती अचानक येऊन पडलेली जबाबदारी आपली वाटत नाही, आणि तसं बोलून दाखवायचीही चोरी, हे दुखणं तिच्या चांगलं ओळखीचं होतं.

तरी मनातून तिला जुने दिवसच प्रिय होते. संध्याकाळी गच्चीवर चहा घेताना तिला ती लुना आठवे, बाजेवरून तिचा हात घट्ट धरून ठेवणाऱ्या तेलकट बोटांचा स्पर्श आठवे. आणि सगळ्या बाळंतिणींत जास्त आठवे ती वनमाला लांजेवार.

मालधक्क्यावरच्या शेखर नावाच्या कारकुनाची ही बायको, तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. गोळ्या सुरू होत्या, पण ती बाळाला हात लावीना. भिंतीकडे तोंड करून पडून राही. “ताई, हे माहं नाही,” ती सांगे. “कोणाचं तरी दुसऱ्याचं आहे. माह्याकडे पाहते, तर ओळख नाही लागत.” असल्या बोलण्याला होकार द्यायचा नाही आणि तोडूनही टाकायचं नाही, हे कुमुद शिकून आली होती. नऊ दिवस तिनं ते पाळलं. दहाव्या दिवशी दुपारी बाळ रडून रडून निळसर पडायला लागलं, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि कुमुदच्या तोंडून निघून गेलं, “बरं, नाही तुझं. ज्यांचं असेल ते येतील. येईस्तोवर तू सांभाळ. आले, की मी स्वतः त्यांच्या हाती देईन.”

वनमालानं मान वळवली. “शब्द देता?”

“दिला.”

तेव्हा तिनं बाळ उचलून छातीशी धरलं. महिनाभरात ती हसायला लागली, पुढं पुन्हा कधी तसलं काही बोलली नाही. कुमुदनं मात्र हे कुणालाच सांगितलं नाही. ज्यांच्या हाताखाली ती शिकली त्या डॉ. यज्ञेश्वरांनासुद्धा नाही, कारण ते थेट म्हणाले असते, की तू आजाराच्या बाजूनं साक्ष दिलीस. आपल्या साऱ्या कामातलं हे एक खोटं तिनं स्वतःजवळ ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

या वर्षी एप्रिलात वेदांत तिच्याकडे येऊ लागला. सिलतऱ्याच्या बाजूच्या एका पोलाद कारखान्यात अठ्ठाविसाव्या वर्षी विभागप्रमुख झालेला, नीटनेटका, मृदू बोलणारा. दर आठवड्याला संध्याकाळी पाचला. मराठी समजे, पण उत्तर हिंदीत देई. माणसांच्या घरची माहिती आधी वाचायची नाही, अशी कुमुदची जुनी सवय. फॉर्म अनुश्रीकडे, म्हणजे बाहेर बसून वेळा सांभाळणाऱ्या मुलीकडे, पडून राहत.

“मैडम, काम सब हो जाता है,” तो सांगे. “प्लांट का एक-एक बोल्ट जानता हूँ. पर अपना नहीं लगता.” केबिनच्या दारावर त्यानं नावाची पाटी लावू दिली नव्हती. कंपनीच्या फ्लॅटमध्ये खोके उघडले नव्हते. लग्नाचं विचारलं की म्हणे, थोडं थांबू. कुमुदनं असे पुष्कळ पाहिले होते. चार महिने ती त्याच्याबरोबर सावकाश, समाधानानं चालत राहिली.

ऑगस्टातल्या एका संध्याकाळी तिनं त्याला विचारलं, “खुर्चीत बसतोस तेव्हा मनात नेमकं काय येतं? शब्दांत सांग.”

तो खिडकीकडे वळला. मग स्वच्छ मराठीत, हलक्या आणि जराशा थकलेल्या आवाजात म्हणाला, “ज्यांचं असेल ते येतील. येईस्तोवर सांभाळायचं.”

आणि लगेच ओशाळं हसून, “ऐसा कुछ.”

कुमुदचं पेन कागदावर थांबलं. “हे कुठं ऐकलंस?”

“पता नहीं, मैडम. बचपन से है. किसी लेडी की आवाज़ में.” त्यानं तिच्याकडे पाहिलं, कुणाला तरी फोटोशी ताडून पाहावं तसं. “आपके जैसी. एक लाइन और है उसके बाद. आले, की मी स्वतः त्यांच्या हाती देईन.”

तो गेल्यावर तिनं अनुश्रीकडून फॉर्म मागवून घेतला. आईचं नाव वनमाला लांजेवार, पत्ता गुढियारी. कुमुदला आधी आनंदच झाला. ते निळसर पडलेलं बाळ एवढं मोठं होऊन आपल्यासमोर बसत होतं! आईनं कधीतरी सांगितलं असेल, तिनं स्वतःला समजावलं. तरी आठवडाभर तिला त्या आवाजाची आठवण सुटेना. वेदांतनं शब्द सांगितले होते, ते ठीक; पण शब्दांमधला तो दमही त्यानं तसाच घेतला होता, जो त्या दुपारी तिला लुनावरून उन्हातून आल्यामुळे लागला होता.

पुढच्या वेळी तो पाचला यायचा, त्या दिवशी दुपारी ती गुढियारीत गेली. आदल्या दिवशी तान्हा पोळा झालेला. पोरं अजून लाकडी बैल दोरीनं ओढत फिरत होती. लांजेवारांच्या घरावर मजला चढला होता. दार वनमालानंच उघडलं. केस पांढरे झालेले, अंगानं भरलेली.

“अगं बाई, ताई!” तिनं कुमुदचे दोन्ही हात धरले. “काहून जी, रस्ता चुकले का? अठ्ठावीस वर्षांनी!”

चहा झाला, पोहे झाले. शेखर निवृत्त होऊन देवळाच्या पंचांत बसतो, वेदांत रविवारी जेवायला येतो, त्याला वांग्याची भाजी लागते, हे सगळं सांगून झालं. कुमुदला इतकं बरं वाटत होतं, की विचारूच नये असं तिच्या मनात आलं. तरी तिनं विचारलं. “वनमाला, तेव्हा मी तुला एक म्हटलं होतं. येईस्तोवर सांभाळ. ते तू वेदांतला कधी सांगितलंस?”

वनमालानं पदरानं हात पुसले. “पोराले असं कोणी सांगते का, ताई? त्याच्या बापालेबी नाही सांगितलं.” कपातली साय तिनं बोटानं बाजूला केली. “पण तुमचं खरं झालं. काल आले ते.”

“कोण?”

“ज्यांचं आहे ते. दोघं. तान्ह्या पोळ्याचे पोट्टे आले असतील म्हणून मी दार उघडलं. आमचं घ्यायले आलो, म्हणे.”

कुमुदनं हातातला कप खाली ठेवला. झोप, भूक, गोळ्या. एकेक प्रश्न तिनं सवयीच्या हळुवारपणानं विचारला. वनमालाची उत्तरं साधी होती आणि नजर स्वच्छ. तिचा हात कुमुदच्या हातात उबदार आणि स्थिर होता.

“तू काय सांगितलंस त्यांना?”

“खोटं नाही बोलता आलं, ताई. अन् देऊ तरी कसं? आता माहा आहे ना तो.” पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. “म्हटलं, मले नका विचारू. ज्यांनी शब्द दिला त्यांनाच विचारा. वेदांतनं फ्रिजवर तुमचं कार्ड लावलं होतं, ते देऊन टाकलं.”

कुमुद कशीबशी उठली. हे जुनं दुखणं उलटलंय, वेदांतला सांगावं लागेल, कसं सांगायचं ते ठरवावं लागेल, असा विचार करत ती रेल्वेपुलापाशी पोचली, तेव्हा साडेचार वाजून गेले होते. रिक्षात बसली तोच अनुश्रीचा फोन आला.

“मॅडम, दोघं जण येऊन बसलेत. अपॉइंटमेंट नाही. नाव पण सांगत नाहीत. तुम्हालाच भेटायचं म्हणतात.”

“म्हातारे आहेत का?” कुमुदनं विचारलं. वनमालाच्या वयाचे तरी असायला हवेत, असं तिनं मनाशी धरलं होतं.

“नाही हो, चांगले तरुण आहेत. बाई तर ओली बाळंतीण दिसते, मॅडम. कानाला फडकं बांधलंय, धड बसवत पण नाहीये तिला. मी पाणी दिलं.” अनुश्रीनं आवाज खाली आणला. “सोबत बाळ दिसत नाही, म्हणून विचारलं, कुठं ठेवून आलात? तर हसली, अन् म्हणे, पाच वाजता येणार आहे.”