उतारावरचं इंजिन

माझ्या हाताखालून गेलेलं इंजिन बंद पडलं असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. उद्यमनगरातलं आमचं वर्कशॉप वडिलांच्या मागे मी चालवते. ‘क्रांतीकडनं करून आणलंय’ म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत. ही अब्रू कमवायला अकरा वर्षं लागली होती. ती घालवायला हंबीररावांच्या विमानाला दोन रविवार पुरले.

विमान रिमोटवर उडणारं, पण त्याला खेळणं म्हणवत नाही. लांबी माणसाच्या उंचीएवढी, आणि पोटात खरंखुरं जेट इंजिन. इंजिन तांब्याएवढंच असतं, रॉकेलसारख्या इंधनावर चालतं आणि मिनिटाला लाखभर फेरे घेतं. हंबीररावांचा मुलगा धैर्यशील कॅनडाला गेला तेव्हा ते बापाकडे सोडून गेला. बाप ते पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकेल असं त्याला वाटलं असणार. पण आयुष्यभर गुळाचा ट्रक चालवलेल्या या माणसाने सत्तरीला टेकल्यावर जेट उडवायला शिकून घेतलं. रविवारी कागलच्या पुढच्या माळावर उडवायचं, त्याचा व्हिडिओ मुलाला पाठवायचा, मग मुलाचा फोन यायचा. विमानाशिवाय त्या दोघांत बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. व्हिडिओ नाही तर फोन नाही, इतकं ते सरळ होतं.

तर माझ्याच हाताखालून गेलेलं हे इंजिन आकाशात बंद पडायला लागलं. पहिल्या वेळी उतरण्यासाठी शेवटचं वळण घेतलं आणि आवाज गेला. हंबीररावांनी विमान तसंच तरंगत आणून माळावरच्या धावपट्टीवर अलगद टेकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी तिथंच तेच झालं, पण त्या दिवशी समोरून वारा होता. विमान पट्टीच्या अलीकडे उसात घुसलं. उसात दोन बायका पाला काढत होत्या. त्यांच्यापासून वीस हातांवर ते पडलं.

माळावर विमानं उडवणाऱ्यांचा एक क्लब आहे, त्याचे प्रमुख गणपतराव हे निवृत्त हेडमास्तर. आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटते. म्हणाले, “हंबीरराव, आणखी एकदा संधी. इंजिन परत बंद पडलं तर तुमचं जेट उडवणं थांबलं. माणसांचा प्रश्न आहे.”

“इंजान कुणी बघितलंय?” मागून कुणीतरी विचारलं.

“क्रांतीनं,” दुसरा म्हणाला, आणि दोघेही गप्प झाले. ते गप्प होणं मला फार झोंबलं.

सोमवारपासून मी त्या इंजिनाच्या मागे हात धुऊन लागले. आकाशात इंजिन विझलं तर पहिला संशय इंधनातल्या हवेच्या बुडबुड्यावर घ्यायचा. टाकीत एक लवचीक नळी असते, तिच्या टोकाला जड गोळा असतो. विमान कसंही कललं तरी गोळ्याने इंधनातच बुडून राहायचं. तो कोपऱ्यात अडकत असेल म्हणून मी नळी बोटभर आखूड केली. गाळणी बदलली. सगळे जोड साबणाच्या फेसात तपासले. इंधनात शंभराला पाच ऑईल लागतं, ते नव्याने मोजून घातलं. बेअरिंग कानाला लावून फिरवलं, तक्रार नव्हती. मग इंजिन स्टँडवर घट्ट बांधलं आणि मागच्या अंगणात दोन-तीनदा बारा-बारा मिनिटं चालवलं. टाकी हातात धरून उलटीसुलटी केली, हलवली, आपटली. पठ्ठ्या एकदाही विझला नाही. शेजारचा वेल्डर मात्र येऊन माझ्या खानदानाचा उद्धार करून गेला.

हंबीरराव रोज चार वाजता येऊन स्टुलावर बसायचे. “घावलं का?”

“न्हाय अजून, आण्णा.”

“घावंल की. काय घाई हाय?” असं म्हणायचे आणि खिशातला फोन काढून बघायचे. दोन रविवार व्हिडिओ गेला नव्हता, म्हणजे दोन आठवडे फोन आला नव्हता. ते कधी बोलून दाखवत नव्हते.

आता माझी चूक सांगते. इंजिनाबरोबर एक छोटा पडदा आला होता. तो जोडला की शेवटच्या दहा वेळा इंजिन कशामुळे बंद झालं याची यादी दाखवतो. तो मी पिशवीतून बाहेरही काढला नव्हता. मशीन कानाने ऐकायची हे वडिलांनी शिकवलेलं. कागद वाचून दुरुस्ती करणाऱ्यांना आम्ही उद्यमनगरात हसतो. शुक्रवारी सगळे उपाय संपले तेव्हा झक मारत मी पिशवी फाडली.

माझ्या अंगणातल्या चाचण्यांपुढे ‘रिमोटवरून बंद केले’ असं होतं. ते बरोबरच होतं, मीच बंद केलं होतं. त्यांच्या आधी दोन उड्डाणं होती, दोन्ही साडेसात-आठ मिनिटांची. म्हणजे ते दोन रविवार. त्यांच्यापुढेही तेच होतं. रिमोटवरून बंद केले. सिग्नल तुटला असता तर तसं लिहिलं असतं, इंधन तुटलं असतं तर तसं. इंजिन विझलंच नव्हतं. ते कुणीतरी बंद केलं होतं, आणि रिमोट फक्त एकाच माणसाच्या हातात होता.

चार वाजता हंबीरराव आले. इंजिन स्टँडवर सुरू केलं, रिमोट त्यांच्या हातात दिला आणि फोनचा कॅमेरा त्यांच्या हातांवर धरला. “आण्णा, समजा विमान वर हाय. नेहमीसारखं उडवा.”

“येड लागलंय व्हय तुला?” म्हणाले, पण उडवायला लागले. समोर लिंबाचं झाड होतं. त्याच्या वर बघत ते विमानासारखे गोल गोल वळले, चवड्यांवर उंच झाले, पुढं झुकले. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला थांबवावंसं वाटेना.

“आता उतरवा.”

“घेतो की. हे बघ, वळलं… आलं… आता उतार लागला…”

त्यांचा डावा अंगठा आपसूक खाली सरकला, रिमोटच्या काठीशेजारच्या, इंजिन बंद करायच्या बारीक खटक्याशी गेला आणि खटका दाबला. इंजिन कण्हत कण्हत थांबलं.

“बघितलंस!” हंबीरराव ओरडले. “परत बंद पडलं! मी म्हनत न्हवतो?”

त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आपला अंगठा तीनदा बघितला. मग स्टुलावर बसले आणि रिमोट मांडीवर ठेवला.

“फोंडा घाट,” म्हणाले. “खालचा सरळ उतार लागला की मी इंजान बंद करायचो. गूळ भरलेली गाडी, आपली आपण पळायची. तीस वर्सं. आमचं मालक, गडहिंग्लजचं बसाप्पा, चार मानसांत सांगायचं, हंबीरासारखं डिझेल कुनी वाचवत न्हाय.” थोडं थांबून म्हणाले, “दुसरं कुनी कधी काय चांगलं म्हनलं न्हाय बघ मला.”

मला त्यांचा राग यायला हवा होता, कारण या माणसापायी गावभर माझं नाव खराब झालं होतं. राग आला नाही. म्हटलं, “खटका मागच्या बाजूला घेऊया, आण्णा. सहज हात जाणार न्हाय. आणि क्लबात सांगते, नळीत हवा होती.”

“म्हंजी चूक कुनाची?”

“माझी.”

ते रिमोट माझ्या हातात देऊन उठले.

रविवारी माळावर विमान मांडलं. गणपतराव जवळ आले, मी तोंड उघडणार तेवढ्यात हंबीररावच बोलले, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं. “इंजनात काय बी न्हवतं. दोन्ही बारीला मीच बंद केलं, ह्या अंगठ्यानं. क्रांतीचं काम सोळा आणे हाय.”

खटका मागच्या बाजूला घेतल्याचं मी सांगितलं. गणपतरावांनी हळूच विचारलं, “आता खटका बदललाय ना? मग प्रश्न मिटला.”

“न्हाय मिटला. करताना मला कळतच न्हाय. उद्या हात दुसरंच काय करंल.” त्यांनी उसाकडे बघितलं. आजही तिथे बायका होत्या. “तुमी उडवा, गुरुजी.”

त्यांना वाईट वाटू नये म्हणून एकजण म्हणाला, बिनइंजिनाची विमानं असतात, ती उडवा. “ती काय विमानं हायती? पतंगच की,” हंबीरराव खेकसले, आणि माळ जरा हसला.

गणपतरावांनी रिमोट घेतला. विमान सुटलं तेव्हा हंबीरराव माझ्याजवळ आले आणि आपला फोन माझ्या हातात दिला.

“व्हिडिओ घे. फक्त आभाळ धर,” म्हणाले. “हात नको घेऊस.”

मी आभाळ धरलं. आठ मिनिटं एकही माणूस त्यात येऊ दिला नाही. इंजिनाचा आवाज एकसारखा होता, त्यात कुठेही खोट नव्हती. शेवटचं वळण आलं तेव्हा शेजारी उभ्या हंबीररावांचा अंगठा रिकाम्या मुठीवर खाली सरकलेला मला दिसला. विमान इंजिनासकट उतरलं आणि पट्टीवर धावत आमच्यापर्यंत आलं. माणसं माझी पाठ थोपटायला लागली. ज्या कौतुकासाठी मी आठवडाभर तडफडले होते, ते ऐकवेना.

व्हिडिओ गेला आणि पाचच मिनिटांत फोन आला. हंबीरराव बांधावर जाऊन बसले. त्यांचा आवाज बारीक कधीच नसतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

“व्हय रे, मीच. मग दुसरं कोन उडवनार?… झ्याक चाललंय. क्रांतीनं केलंया… व्हय व्हय, उतरताना बी चालूच ठेवलं की. पार शेवटपर्यंत.”

मी खाली बसले आणि विमानाच्या टाकीतलं उरलेलं इंधन डब्यात काढायला लागले.